व्हिसा मिळाला म्हणून



पदवीदानाच्या मंचावरून पदवी नाकारणाऱ्या माणसाबद्दल बोलणे शिष्टाचाराला धरून नाही. तरी बोलतो.

वॉल्टर कॉफमन १९०७ मध्ये कार्ल्सबाडला जन्मला. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात आहे आणि कार्लोव्ही व्हारी म्हणून ओळखले जाते. पियानो वाजवणारा, संगीतरचना करणारा, वाद्यवृंद चालवणारा हा हुशार मुलगा बर्लिनला शिकला. मग प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्याने संशोधन केले. डॉक्टरेट हाताशी आली असताना त्याला कळले, की आपले मार्गदर्शक तिथल्या नाझी तरुणांचे पुढारी आहेत. कॉफमन ज्यू होता. त्याने ती डॉक्टरेट घेतली नाही.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि पुढच्याच वर्षी कॉफमन मुंबईच्या बंदरात उतरला. भारतच का, असे पुढे त्याला विचारले, तेव्हा त्याने दिलेले कारण अगदी साधे होते: इथला व्हिसा सहज मिळत होता. ना भारताचे लहानपणापासूनचे वेड, ना कुठला साक्षात्कार. अशा समारंभांतून आम्ही पाहुणे तुम्हाला ध्येय ठरवा, स्वप्ने पाहा असे सांगून निघून जातो. मला मात्र हा व्हिसावाला माणूस जास्त खरा वाटतो. तुमच्यातले कितीतरी जण नागपूरला, पुण्याला, हैदराबादला जातील, ते तिथे जागा निघाली म्हणून. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मुंबईत त्याला ओळखणारे जवळजवळ कोणी नव्हते. तरीही काही महिन्यांतच त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल व्हायची. पियानोवर तो स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील, आणि चेलोवर व्हेर्गा नावाचे इटालियन वादक. १९३७ पर्यंत शंभराहून अधिक मैफली झाल्या होत्या. आठवड्याला एक मैफल म्हणजे तालमी आल्या, नव्या स्वरलिपी मिळवणे आले, श्रोते जमवणे आले, आणि मुंबईच्या दमट पावसाळ्यात बेसूर होणारा पियानो पुन्हापुन्हा सुरात लावून घेणेही आले. पोटासाठी त्याने चित्रपटांचे संगीतही केले. पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्याच्याकडे आला.

तुमच्या आजी-आजोबांना विचारा, सकाळी रेडिओ लावला की बातम्यांच्याही आधी काय वाजायचे. तंबोऱ्याच्या नादावर उठणारी व्हायोलिनची ती धून. तिचे श्रेय सर्वसाधारणपणे कॉफमनला दिले जाते, व्हायोलिन मेहली मेहतांचे म्हणतात, आणि सूर शिवरंजनीच्या वळणाचे आहेत. भंडाऱ्यातल्या कितीतरी घरांत चूल पेटायची ती या निर्वासिताच्या सुरांवर, आणि त्याचे नाव कुणाला ठाऊक नव्हते.

पण मला सांगायचे आहे ते याच्या आधीचे. भारतीय संगीताच्या तबकड्या त्याने पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्याला काहीच उमगले नाही. सगळे परके, अर्थहीन वाटले. ते साहजिक होते. पियानोवर एका सप्तकात बारा पट्ट्या असतात, आणि दोन पट्ट्यांच्या मधली जागा त्या वाद्यापुरती अस्तित्वातच नसते. आपले गाणे नेमके त्या मधल्या जागेतून मींड घेत जाते. युरोपातून आलेल्या अनेकांनी आपले गाणे ऐकले, नाक मुरडले आणि विषय संपवला. कॉफमनने वेगळा हिशेब मांडला. लाखो माणसे, जी बुद्धीने आणि मनाने माझ्यासारखीच आहेत, हे संगीत जिवापाड जपतात. तर मग कमतरता माझ्यात आहे. म्हणून तो शिकायला बसला. बारा वर्षे भारतात राहिला आणि शिकत राहिला.

इथे थोडे विषयांतर करतो. याच काळात, १९४० मध्ये, आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ठरलेल्या पट्ट्यांचे हे विलायती वाद्य भारतीय गाण्याला मानवत नाही, हा आक्षेप होता. संगीतशास्त्राच्या बाजूने त्यात तथ्यही होते. बंदी तीसेक वर्षे टिकली, पण आपल्या भजनी मंडळांना तिचा पत्ताही लागला नाही. पेटी गावोगाव वाजतच राहिली. ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी तुम्ही आज घेता आहात, त्या तुकडोजी महाराजांची खंजिरी जितकी आपली, तितकीच ही परदेशातून आलेली पेटीही आता आपली झाली आहे. आलेल्यांना सामावून घ्यायला वेळ लागतो आणि ते काम बहुधा कार्यालयांच्या बाहेरच होते.

कॉफमन रागांपाशी थांबला नाही, आणि म्हणूनच मी त्याला भंडाऱ्यात आणले आहे. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या ‘म्युझिकल क्वार्टर्ली’त त्याचा लेख आला, तो गोंड आणि बैगा यांच्या लोकगीतांवर. ज्या बालाघाट जिल्ह्यात बैगा राहतात, त्याचा काही भाग १८६७ पर्यंत भंडाऱ्यातच होता. गोंड राजांची सत्ता तर आपल्या मातीवर होतीच. पुढे १९६० आणि १९६१ मध्ये त्याने बस्तरच्या माडिया-मुरियांची गाणी आणि वाद्ये यांवर लिहिले. पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत ती गाणी बसवताना बरेच निसटले असणार. ढोलाच्या घुमण्याला रेघ कुठली? तरी त्या काळात मुंबई-पुण्याच्या किती संगीतपंडितांनी गोंडांचे गाणे ऐकण्यालायक मानले होते?

१९४६ मध्ये तो भारतातून निघाला. मग कॅनडा: हॅलिफॅक्सला पियानोचे अध्यापन, नंतर विनिपेगच्या सिंफनी वाद्यवृंदाचे संचालन. १९५७ पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. १९६८ मध्ये उत्तर भारतीय रागांवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ निघाला, १९७६ मध्ये दक्षिणेतल्या रागांवरचा. १९८४ मध्ये तो गेला. व्हिसा सहज मिळतो म्हणून आलेल्या माणसाला पुढची पन्नास वर्षे इथले संगीत पुरले.

दिवाळी झाली की तुमच्या गावांत मंडई भरेल. रात्रभर दंडार रंगेल, खडी गंमत होईल. तुमच्यातल्या काहींच्या घरी गोंडी बोलली जाते, आणि रोवणीची गाणी पाठ असलेली आजी तर आणखी कितीतरी घरांत आहे. नोकरीच्या गावी जाण्याआधी तिच्याजवळ बसा. तिची परवानगी घेऊन मोबाइलवर ती गाणी रेकॉर्ड करा. सोबत तिचे नाव, गाव आणि तारीख न विसरता बोलून ठेवा, आणि एक प्रत या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणून द्या. ती ठेवायला जागा करून द्यावी, अशी विनंती मी प्राचार्यांना आत्ता, सर्वांसमक्षच करतो.

तुमचे आणि तुमच्यासाठी धानाच्या बांधीत राबलेल्या आई-वडिलांचे मनापासून अभिनंदन.