शेवटचा हात कुठे लागला?



सकाळी स्वतः चालवत आणून आवारात उभी केलेली गाडी, दुपारी प्लग बदलून बॉनेट लावलं की सुरूच होत नाही. सेल्फ फिरतो, पण इंजिन उचलत नाही. अशा वेळी भोवती माणसं जमायला वेळ लागत नाही. एक म्हणतो बॅटरी उतरली, दुसरा म्हणतो पेट्रोलमध्ये पाणी आलं, तिसऱ्याच्या मेव्हण्याच्या गाडीचा पंप अगदी अस्साच गेलेला असतो. यांतलं काहीही होऊ शकतं. पण गाडी सकाळी चालत होती, आणि मधल्या वेळात तिला फक्त तुमचा हात लागलाय. पंप काय, कॉइल काय, कधी ना कधी जातातच. नेमके तुम्ही प्लग बदलत असताना जावेत, असा योगायोग मात्र फार क्वचित घडतो.

तेव्हा नवीन काही शोधायला निघण्याआधी आपण काय काय उघडलं, हे आठवायचं. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. विचारलं तर उत्तर येतं, ‘मी फक्त प्लग बदलले.’ फक्त प्लग? प्लगपर्यंत पोचायला एअर फिल्टरचा डबा काढला होता. त्याला जोडलेली एक बारीक रबरी नळी होती, ती परत बसवली का? सुरक्षितता म्हणून बॅटरीची काळी वायर सोडली होती, तिचा नट नुसता हातानं फिरवलाय की पान्यानं आवळलाय? कार्बोरेटरच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून फडकं कोंबलं होतं, ते कुठे आहे? हसू नका, ते फडकं आतच राहिलेल्या गाड्या गॅरेजमध्ये येतात. हात लागला म्हणजे पाना लागला, कोपर लागलं, बाजूला सारलेली वायर लागली, हे सगळं आलं. बदललेला भाग एकच असतो, हललेल्या वस्तू दहा असतात.

मग कान द्यायचा. किल्ली फिरवल्यावर गाडी जो आवाज करते, त्यात अर्धं निदान असतं. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून मी तोंडानंच आवाज काढतो.

‘कट्-कट्-कट्-कट्’, असा भराभर. सेल्फवरचा सोलेनॉइड ओढला जातो, त्याबरोबर बॅटरीचा दाब कोसळतो, तो सुटतो, दाब वर येतो, पुन्हा ओढला जातो. म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. इथे लोक हेडलाइट लावून बघतात आणि म्हणतात, ‘बॅटरी ठणठणीत आहे, दिवे लखलखीत लागले!’ तो पुरावा धरायचा नाही. साठ वॉटच्या बल्बला जेमतेम पाच अँपिअर करंट पुरतो. छोट्या गाडीचा सेल्फसुद्धा शंभराच्या पुढे मागतो. सैल टर्मिनलमधून पाच जातील, शंभर जाणार नाहीत. मल्टिमीटर असेल तर पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. शिवाय एक सोपी युक्ती आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा, दुसरी त्याच खांबावर बसलेल्या पट्टीवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्याजवळच राहायला हवा. एखाद-दुसरा व्होल्ट दिसला तर दोष त्या जोडात आहे. पट्टी घासून साफ करा, आवळा.

एकच ‘टक्’ आणि मग शांतता. क्लच प्लेटचं किंवा गिअरबॉक्सचं काम केलं असेल, तर इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी आधी शोधा. ती लावायची राहिली की करंट परतीची दुसरी वाट धुंडाळतो आणि कधी अॅक्सिलरेटरच्या तारेतून जातो. तार तापते, तिच्यावरच्या प्लॅस्टिकला वास सुटतो. असा वास आला तर किल्ली लगेच सोडा.

आता तिसरा आवाज. नेहमीचं सेल्फ फिरणं म्हणजे ‘रुव्-रुव्-रुव्’. प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तेव्हा इंजिन जरा अडतं, म्हणून ती लय येते. त्याऐवजी सलग, हलकं ‘झुंइंइं’ ऐकू आलं, तर एक शक्यता अशी, की सेल्फचा दात फ्लायव्हीलला धरतच नाहीये. दुसरी शक्यता भयंकर आहे. टायमिंग बेल्टचं काम तुम्ही केलं असेल, तर तो चुकीच्या दातावर बसला असेल किंवा घसरला असेल, आणि व्हॉल्व्ह योग्य वेळी बंद होत नसतील. पुष्कळ इंजिनांत अशा वेळी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. पुन्हा सेल्फ मारायचा नाही आणि धक्का देऊन गाडी काढायची तर मुळीच नाही. कव्हर उघडून खुणा जुळवायच्या. आवारातली मंडळी ढकलायला सदैव उत्सुक असतात, त्यांना चहा द्या.

आणि चौथा प्रकार, ज्यात सेल्फ छान लयीत फिरतो, पण इंजिन उचलत नाही. म्हणजे ठिणगी नाही, पेट्रोल नाही, किंवा दोन्ही आहेत पण वेळ चुकलीय. यात मारुती ८०० चं उदाहरण घेतो. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी आली, २०१४ पर्यंत बनत होती, आणि आपल्याकडे अनेकांनी पहिल्यांदा बॉनेटखाली हात घातला तो हिच्याच. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, आणि जुन्या मॉडेलांत कार्बोरेटर नि डिस्ट्रिब्युटर. मेकॅनिक लोक डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात. त्यातून तीन प्लगांना तीन वायरी जातात आणि ठिणगीचा क्रम आहे एक, तीन, दोन.

तीन वायरी लावायच्या सहा रीती होतात. त्यांतली एकच बरोबर. तीन रीतींत दोन वायरींची अदलाबदल झालेली असते; एक सिलिंडर बरोबर पेटतो आणि दोन भलत्या वेळी. गाडी खोकते, कार्बोरेटरमधून फट्कन ज्वाळ बाहेर येते, पण चालत नाही. उरलेल्या दोन रीती जास्त फसव्या, कारण तिन्ही वायरी एकेक घर सरकलेल्या असतात. क्रम एक-तीन-दोन असाच राहतो, त्यामुळे पुस्तक उघडून ताडून बघणारा म्हणतो, ‘क्रम तर बरोबर आहे!’ क्रम बरोबर, सुरुवात चूक, तिन्ही सिलिंडर अवेळी. चार सिलिंडरच्या गाडीत तर अशा चोवीस रीती. आपल्या कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीचा क्रम होता एक, तीन, चार, दोन.

हे सोडवायचं कसं? किल्ली काढून ठेवायची, गाडी न्यूट्रलमध्ये घ्यायची. एक नंबरचा प्लग काढून त्या भोकावर अंगठा धरायचा आणि दुसऱ्या कुणीतरी पान्यानं इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनं हळूहळू फिरवायचं. आतून हवा अंगठ्याला ढकलू लागली की पिस्टन दाबाच्या फेरीत वर येतोय. पुलीवरची खूण जुळेपर्यंत फिरवून थांबा आणि डेल्कोची टोपी उचला. रोटर ज्या घराकडे तोंड करून उभा असेल, ते एक नंबरचं घर. तिथून रोटरच्या फिरण्याच्या दिशेनं पुढचं घर तीनचं, त्यापुढचं दोनचं. नुसत्या पुलीच्या खुणेवर जाऊ नका, कारण डेल्कोची एक फेरी होईपर्यंत इंजिनाच्या दोन होतात आणि ती खूण दोन्ही फेऱ्यांत येते. त्यांतली खरी कुठली, ते अंगठाच सांगतो. आणि हो, टोपी उघडलीच आहे तर रोटर आत आहे ना, हेही बघा. साफ करायला काढलेला रोटर खिडकीच्या कट्ट्यावर राहतो आणि माणूस कॉइल विकत आणायला बाजारात जातो.

नव्या गाड्यांत डेल्को नाही, पण हललेल्या वस्तू आहेतच. क्रँक सेन्सरचा अर्धवट बसलेला कनेक्टर गाडी बंद पाडायला पुरेसा असतो. तो ‘टिक्’ करून बसला पाहिजे. किल्लीचं चिन्ह डॅशबोर्डवर चमकत राहिलं तर गाडीनं किल्लीच ओळखलेली नाही, इंजिनात शोधून उपयोग नाही. आणि क्लच पूर्ण दाबल्याशिवाय कित्येक गाड्यांचा सेल्फ मुळी फिरतच नाही.

पेट्रोलच्या फिल्टरचं काम केलं असेल तर आधी त्याच्यावरचा बाण बघा, तो इंजिनाकडे हवा. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली ‘ऑन’ केली की टाकीतला पंप दोनेक सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. सेल्फ न मारता असं तीन-चार वेळा करा, म्हणजे नळीतली हवा निघून दाब तयार होतो. डिझेल गाडीनं हवा धरली असेल तर बहुतेक फिल्टरजवळ हातपंप असतो. तो कडक लागेपर्यंत दाबायचा. उलट, पेट्रोलचा भपकारा येत असेल तर प्लग ओले झालेत. जरा वेळ जाऊ द्या, मग अॅक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. पंप मारल्यासारखा पाय हलवू नका. कार्बोरेटरच्या गाडीत प्रत्येक दाबाबरोबर आणखी पेट्रोल आत जातं. हा भपकारा असताना उघड्यावर ठिणगी तपासायचा उद्योग तर करूच नका. आणि सेल्फ दहा सेकंदांवर सलग मारायचा नाही, तो तापतो. अर्धा-एक मिनिट दम घेऊ द्या.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच सेल्फ मारून बघायचा. घाबरलेला माणूस वायरी हलवतो, डेल्को फिरवतो, कार्बोरेटरचा स्क्रू पिळतो. मग मूळ एका दोषाचे चार होतात आणि कुठला आपला, कुठला गाडीचा, ते कळेनासं होतं. काम सुरू करतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवला असेल तर निम्मा त्रास वाचतो.

जुने प्लग, जुनी टोपी, जुना फिल्टर मात्र गाडी सुरू होईपर्यंत भंगारात टाकू नका. नवा कोरा भागही दुकानातूनच खराब निघू शकतो, आणि त्याची सर्वांत स्वस्त परीक्षा म्हणजे सकाळपर्यंत चालत असलेला जुना भाग परत लावून बघणं. तरीही जमलं नाही आणि मेकॅनिकला बोलवावं लागलं, तर त्याला ‘अचानक बंद पडली’ असं सांगू नका. काय काय उघडलं, ते क्रमानं सांगा आणि काढलेले भाग त्याच्यासमोर ठेवा. तो थोडा हसेल, पण त्याचा तास वाचेल आणि तुमचे पैसे.