खडकाआडचा मोरे मासा

जोगेश्वरीच्या पश्चिमेस वेसाव्याच्या बंदरात उतरणारी वाम सर्वांच्या परिचयाची आहे. मोरे हा तिचाच भाऊबंद. मात्र त्याचा मुक्काम प्रवाळांच्या व खडकांच्या कपारींत असतो. देह सापासारखा लांब, अंगावर खवले नाहीत, छातीचे परही नाहीत, कातडी बुळबुळीत. दिवसा तो कपारीतून केवळ डोके बाहेर काढून तोंडाची सारखी उघडझाप करीत असतो. पाहणाऱ्यास तो चावावयास सज्ज झालेला वाटतो आणि भीतीपोटी त्याला मारावयास हात उचलला जातो. वस्तुतः ती त्याची श्वासक्रिया होय. तोंडाने घेतलेले पाणी त्याला कल्ल्यांवरून सतत खेळवावे लागते. रात्री वासाच्या आधारे तो भक्ष्य शोधतो. घशातील दुसरा जबडा पुढे येऊन ते आत ओढतो, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. ओहोटीच्या वेळी विद्यार्थ्यांना खडकांवर नेणाऱ्या शिक्षकांनी मात्र कोणासही कपारीत हात घालू देऊ नये. डिवचलेला मोरे कडकडून चावतो.