हरपलेली वाचा आणि कागदावरचा क्रमांक
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात मिरकरवाडा येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या मिरकरवाड्यात एखाद्या कर्त्या पुरुषाचे उजवे अंग लुळे पडून वाचा गेली, की घरची मंडळी एवढेच सांगतात, 'लकवा मारला.' इस्पितळाच्या कागदावरही पुष्कळदा त्याहून अधिक मजकूर नसतो. आज आम्ही त्या कागदाविषयीच बोलणार आहोत. कारण रुग्णाची वाचाच गेली असता त्याच्या वतीने बोलणार तो कागदच.

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडणे हा या रोगाचा एक प्रकार आणि ती फुटून रक्तस्राव होणे हा दुसरा. दुसऱ्याचे प्रमुख कारण वाढलेला रक्तदाब होय. (सुक्या खारवलेल्या मासळीवर आमचाही लोभ आहे, पण रक्तदाब असलेल्याने मिठास आवर घातलाच पाहिजे.) वरून पाहता दोन्ही सारखेच भासतात. परंतु पहिल्यात रक्त गोठू न देणारी जी औषधे देतात, तीच दुसऱ्यात घातक ठरू शकतात. म्हणून पुढे कोल्हापुरास वा मुंबईस गाठ पडणाऱ्या डॉक्टरांना पूर्वी नेमके काय घडले, हे कळणे अगत्याचे असते.

रोगांना सांकेतिक क्रमांक देण्याची पद्धती येथे उपयोगी पडते. मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी झाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली मांडली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ते काम हाती घेतले. तिच्या दहाव्या आवृत्तीत 'आय ६१' म्हणजे मेंदूतील ताजा रक्तस्राव, आणि 'आय ६९.१' म्हणजे त्याचा मागे उरलेला परिणाम. दोन वर्षांनंतरच्या कागदावर 'आय ६१' लिहिले, तर वाचणाऱ्यास रक्तस्राव नव्यानेच झाला असे वाटेल! वाचाघातासाठी सोबत 'आर ४७.०' लिहावयाचा. अमेरिकेच्या विस्तारित यादीत या दोहोंचा मिळून 'आय ६९.१२०' असा एकच क्रमांक आहे.

जिभेचे स्नायू दुबळे होऊन उच्चार बोबडा होतो, त्याचा क्रमांक 'आर ४७.१'. तेथे शब्द ठाऊक असतो, तो नीट उमटत नाही इतकेच. वाचाघातात शब्दच सापडत नाही. होडी म्हणावयाचे असता तोंडून जाळे निघते, कधी दुसऱ्याचे बोलणेही उमजत नाही. अशा माणसास 'याचे डोके फिरले' असे म्हणणारे आप्त आम्ही पाहिले आहेत. केवढा हा अन्याय! वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली असे मुळीच नव्हे.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात वाचाघातास स्थान नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मात्र वाचा व भाषा यांची कायमची दिव्यांगता गणली असून तिच्या कारणांत वाचाघाताचा स्पष्ट निर्देश आहे. आरक्षणादी अनेक सवलतींसाठी दिव्यांगता निदान ४० टक्के ठरावी लागते. कागदावर नुसता 'लकवा' असेल, तर तपासणाऱ्यांची दृष्टी हातापायांवरच जाण्याचा संभव राहतो. विम्याच्या दाव्यातही रुग्णालयाने निदानाचा क्रमांक भरावयाचा असतो.

तेव्हा रुग्णास घरी आणतानाच डॉक्टरांना विनयपूर्वक विचारावे : गुठळी की रक्तस्राव? वाचाघात की केवळ उच्चारदोष? आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावे. पुढे वाचा-उपचारासाठी जाल तेव्हा बांगडा, सुरमई, होडी, वल्हे यांची चित्रे बरोबर न्यावीत. आमच्या माणसास सफरचंदाच्या चित्रापेक्षा ती लवकर बोलती करतील.