खळ्यावरचा नवा वाटेकरी : स्वागताध्यक्षीय भाषण



भीमेच्या तीरावरील या गावात भरलेल्या परिषदेला आलेल्या आपणां सर्वांचे स्वागत करण्याचे काम स्वागत समितीने माझ्यासारख्या एका शेतकऱ्याकडे सोपवले, याचा अर्थ मी असा घेतो की, वनस्पतिज द्रव्यापासून वाहतुकीची इंधने कशी निर्माण करावीत आणि त्यासाठी संशोधनाचे धोरण कोणते असावे, हा प्रश्न सुटणार असेल प्रयोगशाळेत, परंतु तो उपजतो शेताच्या बांधावर. आणि जेथे प्रश्न उपजतो तेथल्या माणसाने उत्तराच्या शोधात निघालेल्यांना हात जोडून आत बोलवावे, हे उचितच आहे. स्वागत समितीच्या आणि समस्त ग्रामस्थांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

आमचे कोरेगाव पाहुण्यांना नवखे नाही. १ जानेवारी १८१८ रोजी येथे झालेल्या संग्रामाचा स्मारकस्तंभ नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीत उभा आहे. त्याला अभिवादन करण्यासाठी १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते, आणि आज त्या तिथीला लक्षावधी माणसे आपल्या आत्मसन्मानाची आठवण जागवण्यासाठी येथे जमतात. जवळच वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजीमहाराजांची समाधी आहे, भीमा-इंद्रायणीच्या संगमावर तुळापूर आहे, आणि पूर्वेकडे रांजणगावचा महागणपती आहे. स्वत्वासाठी माणसे काय मोल देतात हे ज्या मातीने पाहिले, त्या मातीवर बसून, आपल्या खनिज तेलाच्या गरजेच्या पाच हिश्शांपैकी चारांहून अधिक हिस्से परदेशातून आणाव्या लागणाऱ्या देशाच्या परावलंबनाचा विचार व्हावा, हे मला स्थानमाहात्म्याला साजेसेच वाटते.

या मंडपाजवळून जाणारा पुणे-अहिल्यानगर महामार्ग हाही या विषयाचा एक साक्षीदार आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाले, तेव्हा कोळशाच्या वायूवर मोटारी चालत. लाकडाचा कोळसा, कोळशाचा वायू आणि वायूवर धावणारी गाडी, अशी ती परंपरा पाहिली म्हणजे वनस्पतीच्या बळावर चाक फिरवण्याची कल्पना आमच्या आजोबांच्या पिढीला परकी नव्हती, हे ध्यानात येते. पुढे १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी अहिल्यानगरहून, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरहून, पुण्याला गेली, ती याच रस्त्याने. आणि योगायोग असा की, त्याच १९४८ साली पेट्रोलमध्ये मिसळावयाच्या मद्यार्कासंबंधीचा ‘पॉवर अल्कोहोल’चा कायदा देशात झाला. गाडी धावू लागली आणि तिच्या स्वदेशी इंधनाचा कायदाही झाला. परंतु त्या दोघांची खरी गाठ पडावयास अर्धे शतक जावे लागले.

मधल्या काळात या भूमीने एक मोठा उद्योग उभा केला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. त्याच मार्गाने पुढे आमच्या शिरूर तालुक्यात न्हावऱ्याला घोडगंगा आणि दौंड तालुक्यात पाटसला भीमा हे कारखाने उभे राहिले. साखर काढून उरलेल्या मळीतून मद्यार्क, म्हणजेच इथेनॉल, होतो, हे ज्ञान जुनेच होते. पण तो मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळण्याचे पथदर्शी प्रयोग २००१ साली झाले, ते मनमाड आणि मिरज या आपल्याच गावी व उत्तर प्रदेशातील आंवला येथे. २००३ पासून ही योजना काही राज्यांत अमलात आली, २०२२ च्या जूनमध्ये देशाने १० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला, आणि जे २० टक्क्यांचे लक्ष्य २०३० साठी ठरले होते, ते २०२५ मध्येच हाती आले. या यशात ऊसउत्पादक शेतकऱ्याचा घाम आहे, याचा मला अभिमान आहे.

परंतु अभिमान बाळगणाऱ्याने जमेबरोबर खर्चाची बाजूही वाचली पाहिजे. शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके. येथील मूळ पिके ज्वारी आणि बाजरी. ऊस येथे आला तो चासकमान, घोड आणि खडकवासल्याच्या कालव्यांवर, नद्यांवरील उपशांवर आणि विहिरींवर. आणि उसाच्या एका पिकाला १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. पावसाने ओढ दिली म्हणजे काय होते, हे २०२३ च्या डिसेंबरात आपण पाहिले. साखरेची तूट पडण्याची चिन्हे दिसताच उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर शासनाला निर्बंध घालावे लागले. जे इंधन माणसाच्या ताटाशी आणि पाटाच्या पाण्याशी स्पर्धा करते, त्याला दर दुष्काळात मागे सरावे लागणार, हा यातला धडा आहे. म्हणून अधिक ऊस लावण्याचा मार्ग सोडून, जे पिकले आहे त्याच्यातले जे आज वाया जाते, त्याच्याकडे आपल्याला वळले पाहिजे.

त्या दिशेचे एक पाऊल आमच्या शेजारीच पडले आहे, याची नोंद येथे अगत्याने केली पाहिजे. दौंड तालुक्यातील राहू येथे पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने उभारलेल्या प्रात्यक्षिक प्रकल्पाचे उद्घाटन २०१७ च्या मे महिन्यात झाले. पाचट, चिपाड, भाताचा पेंढा, कपाशीच्या पऱ्हाट्या, मक्याची ताटे अशा नाना अवशेषांपासून वर्षाला १० लाख लिटर इथेनॉल करण्याची त्याची क्षमता; आणि त्याच तंत्राच्या पायावर हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला, ज्याचे संकल्पित प्रमाण वर्षाला २ लाख टन पेंढा आणि सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल असे आहे. भागाकार केला तर एका टनामागे दीडशे लिटर पडतात. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेल्या तंत्राचा, दिवसाला १० टन अवशेष पचवणारा प्रकल्प उत्तराखंडातील काशीपूर येथे २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला होता. तेव्हा हे होऊ शकते काय, असा प्रश्न आता राहिलेला नाही. ते शेतकऱ्याला, कारखान्याला आणि जमिनीला परवडेल अशा रीतीने कसे होईल, हा प्रश्न आहे.

येथे अडचणीचे मूळ वनस्पतीच्या घडणीतच आहे. चिपाडाच्या कोरड्या वजनात सुमारे ४० टक्के सेल्युलोज असते, पाव हिस्सा हेमिसेल्युलोज आणि पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक लिग्निन. आणि हे तिघे असे एकमेकांत विणलेले असतात की, वारापावसात बारा-अठरा महिने उभ्या राहणाऱ्या उसाला जे बळ त्या विणीने दिले, तेच बळ नंतर आपल्या विकरांना (एन्झाइमांना) आत शिरू देत नाही. प्रथम वाफेने आणि सौम्य आम्लाने ती वीण सैल करावी, तर त्या खटपटीत यीस्टला बाधक अशी द्रव्ये तयार होतात. मग विकर घालून सेल्युलोजची साखर करावी, तर विकर महाग. आणि हेमिसेल्युलोजपासून सुटणारी झायलोज ही पाच कार्बनांची साखर तर आपल्या नित्याच्या यीस्टला आंबवताच येत नाही. महायुद्धाच्या काळात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू ज्या बुरशीने कुजवले, ती ट्रायकोडर्मा रीसाय ही बुरशी आज जगभर सेल्युलोज फोडणाऱ्या विकरांची मोठी जननी ठरली आहे. आणि आमच्या शिरूरचा शेतकरी डाळिंबाच्या मुळाशी जी ट्रायकोडर्माची पुडी टाकतो, तीही त्याच कुळातली. एका ठिकाणी नासाडी करणारा जीव दुसऱ्या ठिकाणी मित्र होतो, तो माणसाने त्याचा स्वभाव नीट अभ्यासला म्हणून. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अशाच बुरशींच्या विकरांचा अभ्यास काही दशकांपूर्वीपासून केला आहे, म्हणजे ही विद्याही आपल्याकडे कालची नाही.

आता मी माझ्या क्षेत्राकडे येतो, आणि ज्या एका गोष्टीसाठी मी हे भाषण करण्याचे स्वीकारले ती आपल्यापुढे ठेवतो. ऊस तुटून गेला की मागे पाचट राहते, हेक्टरी सुमारे ८ ते १० टन. आणि मी स्वतः पुष्कळ वर्षे ते पेटवून देत आलो, कारण खोडव्याची मशागत लवकर हाती यावी, मजुरांची वाट पाहावी लागू नये आणि उंदीर-सापांचे भय उरू नये, असे आमच्या वहिवाटीचे सांगणे होते. पुढे कृषी विद्यापीठाच्या माणसांनी समजावले म्हणून एका तुकड्यात पाचट सरींमध्ये दाबून ठेवले. त्या उन्हाळ्यात शेजारच्या जाळलेल्या तुकड्याला पाणी द्यावे लागे तेव्हा येथील माती बोटांना ओली लागे, आणि दोन-तीन वर्षांत कुदळीच्या प्रत्येक घावासरशी गांडुळे दिसू लागली. ज्याला मी कचरा म्हणत होतो तो माझ्या जमिनीचा आहार होता, हे मला तेव्हा कळले.

म्हणून माझे प्रतिपादन असे आहे की, वनस्पतीचा कोणताही अवशेष बेवारस नसतो. पूर्वी खळ्यावर रास पडली की ती घरी नेण्याआधी वाटे पडत. तसे या राशीचेही वाटे आधीच ठरलेले आहेत. पाचटाचा पहिला वाटा जमिनीचा, वाढ्यांचा वाटा गुराढोरांचा, चिपाडाचा वाटा कारखान्याच्या बॉयलरचा आणि केडगाव-यवतच्या गुऱ्हाळांच्या चुलाणाचा. इंधन हा या खळ्यावर आलेला नवा वाटेकरी आहे. त्याचे स्वागत आम्ही आनंदाने करू, परंतु त्याचा वाटा जुन्या हक्कदारांचा हिस्सा मोजून झाल्यावर पडला पाहिजे. आणि ही मोजणी करणे हेच संशोधन-धोरणाचे पहिले कलम असले पाहिजे, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

मोजणीची यंत्रणा आपल्या महसुली दप्तरात आहेच. गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद होते, आणि २०२१ पासून शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून ई-पीक पाहणी करतो. त्याच पाहणीत, कोणत्या गटात किती अवशेष निघाला, किती जमिनीत गाडला, किती जनावरांना गेला, किती जळाला आणि किती देता येईल, एवढ्या रकान्यांची भर घालण्याची तजवीज झाली, तर राज्याच्या सरासरीवरून बांधलेल्या अदमासाऐवजी गावाच्या हिशेबावर प्रकल्प उभा राहील. कोणत्या जमिनीतून किती पाचट उचलले असता सेंद्रिय कर्ब घटत नाही, याचे उत्तर काळ्या जमिनीसाठी वेगळे आणि मुरमाड जमिनीसाठी वेगळे येणार. ते प्रयोग अनेक हंगाम चालावे लागतील, आणि त्यांना धीराने पैसा पुरवावा लागेल.

दुसरे कलम गोळा करण्याचे आणि वाहण्याचे. पाचट वजनाला हलके आणि आकाराला अवाढव्य; सुट्या पाचटाने ट्रॉली भरून उतू जाते, तरी काट्यावर वजन भरत नाही. त्यातून तोडणीचा हंगाम चार-पाच महिन्यांचा, तर प्रकल्पाला बारमाही खुराक हवा. गाठी कोठे बांधाव्यात, वळवाच्या पावसापासून आणि आगीपासून त्या कशा राखाव्यात, किती कोसांपलीकडून पाचट आणले असता त्याच्या वाहतुकीतच इंधनाचा लाभ संपून जातो, हे प्रश्न विकरांच्या प्रश्नांइतकेच विद्वत्तेला योग्य आहेत, असे मानणारे संशोधक आम्हांला हवे आहेत. राहूच्या प्रकल्पाने नाना प्रकारचे अवशेष एकाच भांड्यात शिजवण्याचा जो प्रयत्न केला, त्याचे महत्त्व मला यासाठीच वाटते की, शेतकऱ्याचे वर्ष एका पिकाचे नसते.

तिसरे कलम उत्पादनाचे. इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळते, परंतु लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. आणि उसाचा ट्रॅक्टर, मालमोटार व आमची एस. टी. ही तर मुख्यतः डिझेलवर चालतात, ज्यात इथेनॉल सहजी एकजीव होत नाही. म्हणून जड वाहनांसाठी आणि विमानांसाठी वेगळी इंधने शोधली पाहिजेत. १९ मे २०२३ रोजी देशी वनस्पतिज द्रव्यापासून बनलेल्या इंधनाचा अल्प अंश मिसळून एका विमानाने पुण्याहून दिल्लीपर्यंत प्रवासी नेले. तो अंश लहान असला, तरी मार्ग दाखवण्यास पुरेसा आहे. आणि जे लिग्निन मागे उरते, ते केवळ बॉयलरमध्ये घालून संपवू नये. २०२४ च्या डिसेंबरात नागपूर-मनसर महामार्गाच्या एका तुकड्यावर लिग्निनपासूनचे जैव-डांबर वापरले गेले, म्हणजे पिकाचा एक भाग गाडीत आणि दुसरा भाग गाडीखालच्या रस्त्यात, अशी घडी बसवता येते. असा प्रत्येक अंशाचा मोबदला हिशेबात धरला, तरच शेतकऱ्याच्या पाचटाला बांधावर योग्य भाव देणे प्रकल्पाला शक्य होईल.

या कामाला लागणाऱ्या संस्था येथून एका दिवसाच्या फेरीत गाठता येतात. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, इंजिनांची परीक्षा घेणारी एआरएआय पुण्यात आहे, आणि गोड ज्वारीपासून मद्यार्क करण्याचे प्रयोग ज्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने केले ती फलटणला आहे. त्या ज्वारीचा विचार आमच्यासारख्या कमी पावसाच्या तालुक्यांनी पुन्हा करावा, असेही मला वाटते. या साऱ्यांनी एकाच खळ्यावर बसून एकच ताळेबंद लिहावा, आणि त्या ताळेबंदावर शेतकऱ्याचीही सही असावी, एवढीच माझी विनंती आहे.

हे मोठे नगर नव्हे. निवासाच्या आणि भोजनाच्या व्यवस्थेत कसूर राहिली असेल, तर आपण ती उदार मनाने पोटात घालावी. 

उद्या सकाळी, चर्चेला आरंभ होण्यापूर्वी, आपल्याला दोन शेजारच्या शेतांवर नेण्याची योजना केली आहे. एकात पाचट राखले आहे, दुसऱ्यात ते गेल्या हंगामापर्यंत जळत होते. दोन्हींकडची मूठ मूठ माती आपण हातात घेऊन पाहावी. ज्या इंधनासाठी आपण येथे जमलो आहोत त्याचा कस पहिल्यांदा त्या दोन मुठींतल्या फरकावर लागणार आहे, आणि परिषदेचा पहिला ठराव लिहिताना त्या मातीचा ओलावा आपल्या बोटांना लागलेला असावा, अशी इच्छा व्यक्त करून मी पुनश्च आपले स्वागत करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!