चित्रशाळेंतील संप

हिमगौरी आणि सात बुटके यांचा डिस्नेकृत बोलपट ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस त्यांतील मत्सरी राणीचा विसर पडणें कठीण आहे. त्या राणीस आपल्या पेन्सिलीनें सजीव करणाऱ्या आर्ट बॅबिट या चित्रकारास पुढें चार वर्षांच्या आंतच वॉल्ट डिस्नेनें कामावरून दूर केलें. असें कां घडलें?

१९३७ च्या डिसेंबरांत हा बोलपट झळकला आणि त्यानें अमाप पैसा मिळविला. त्या पैशांतून अमेरिकेंतील बरबँक या गांवीं नवी चित्रशाळा उभी राहिली. तेथें वातानुकूलित दालनें होतीं, उपाहारगृह होतें. परंतु कांहीं सुखसोयी वरच्या श्रेणीच्या चित्रकारांपुरत्याच होत्या. रेषा शाईनें गिरविणाऱ्या व रंग भरणाऱ्या मुलींस आठवड्यास वीस डॉलरांच्या आसपासच वेतन पडे. पगारवाढीस निश्चित नियम नव्हता. सारें धन्याच्या मर्जीवर. छोट्या चित्रपटांवर नांव दिसे तें एकट्या डिस्नेचें.

इतक्यांत १९३९ सालीं महायुद्ध पेटलें व युरोपांतील उत्पन्न आटलें. १९४० चे ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटेशिया’ हे चित्रपट आपला खर्चही भरून काढूं शकले नाहींत. कर्ज वाढलें, काटकसर सुरू झाली. १९४१ च्या फेब्रुवारींत डिस्नेनें सर्वांस एकत्र बोलावून भाषण केलें. कुरकुर करण्यापेक्षां स्वतःची प्रगति साधा, असा त्याचा मथितार्थ होता. ज्या मनांस धीर हवा होता त्यांस उपदेश मिळाला. पुष्कळजण चित्रकारांच्या संघास मिळाले.

बॅबिटला स्वतःला पगार उत्तम होता. तरी तो कनिष्ठांच्या बाजूनें उभा राहिला. मे महिन्याच्या अखेरीस त्यास काढतांच शेंकडों कलावंतांनीं संप पुकारला. फाटकाशीं हातांनीं रंगविलेले फलक झळकूं लागले. एके दिवशीं डिस्नेची मोटार आंत शिरत असतां बॅबिटनें कर्ण्यांतून त्याचा धिक्कार केला, तेव्हां डिस्ने संतापून मोटारींतून खालीं उतरला. हीं माणसें कालपर्यंत एकमेकांस पहिल्या नांवानें हांक मारीत होतीं!

डिस्नेचें दुःखही खोटें नव्हतें. मिळालेला पैसा त्यानें चैनींत न उधळतां पुनः चित्रांतच ओतला होता. चित्रशाळा हें आपलें कुटुंब, अशी त्याची भावना होती. परंतु जेथें हजारांवर माणसें राबतात, तेथें वडीलकीच्या मायेवर कारभार चालत नाहीं. तेथें लेखी नियम लागतात. मायेनें दिलेली वाढ मायेनेंच रोखतां येते, हें त्या मुलींस कळून चुकलें होतें.

ऑगस्टमध्यें डिस्ने दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. सरकारी मध्यस्थीनें तडजोड होऊन संघास मान्यता मिळाली, पगार वाढले. त्याच वर्षीं निघालेल्या ‘डंबो’ चित्रपटांत धन्याकडे पगारवाढ मागावयास निघालेले विदूषक दिसतात. तो टोमणा संपवाल्यांस उद्देशून होता, असें अनेकांचें मत आहे. न्यायालयाच्या निर्णयानें बॅबिट कामावर परतला खरा, परंतु फार दिवस टिकला नाहीं. संपानंतर बाहेर पडलेल्या कांहीं चित्रकारांनीं यू. पी. ए. ही स्वतंत्र संस्था उभारली व सुटसुटीत रेषांची नवी शैली रूढ केली. डिस्नेनें मात्र १९४७ सालीं अमेरिकन प्रतिनिधिसभेच्या समितीपुढें या संपाचें खापर साम्यवाद्यांच्या माथीं फोडलें.

डिस्नेचीं चित्रें पुढेंही गाजलीं. पण जुना जिव्हाळा त्या चित्रशाळेंत परत आला नाहीं. पगाराचे नियम १९३८ सालींच कागदावर उतरले असते, तर कदाचित् तोही वांचला असता.