कला, संगीत व क्रीडा यांवरील लघुपट आणि प्राथमिक शाळा
(मंठा येथील प्राथमिक शिक्षकांच्या सभेपुढील व्याख्यानाचा मजकूर)



भारतीय माणसाने टिपलेला पहिला चलत्पट कशाचा होता, असा प्रश्न वर्गात विचारला, तर बहुतेक मुले एखाद्या देवाचे किंवा राजाचे नाव घेतील. वस्तुस्थिती निराळी आहे. १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पहिलवानांची कुस्ती झाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या मराठी छायाचित्रकारांनी ती कुस्ती विलायतेहून मागविलेल्या यंत्राने टिपली. त्यापूर्वी तीन वर्षे, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॅटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला होता. तो पाहून सावेदादांना या विद्येची गोडी लागली. त्यांचा कुस्तीचा पट आज पाहावयास मिळत नाही. तथापि त्यातील मर्म शिक्षकाने ध्यानात घेण्याजोगे आहे. नवे, महागडे यंत्र हाती येताच या मराठी माणसाने ते राजवाड्याकडे वळविले नाही. गावोगावच्या जत्रेत रंगणाऱ्या मातीतल्या खेळाकडे वळविले.

दुसरे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ साली प्रदर्शित झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी फाळके यांनी एक अगदी लहान पट तयार केला होता, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर यंत्र मांडले आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत महिन्याभराची वाढ मिनिटा-दोन मिनिटांत पडद्यावर आणली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने तो पट ओळखला जातो. मोठ्या चित्रपटासाठी भांडवल उभे करण्यास तोच त्यांच्या उपयोगी पडला. पुढे १९१५ साली त्यांनी आगपेटीतील काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ हाही एक गमतीचा लघुपट केला. कुस्ती, अंकुर, काडेपेटी: तिन्ही गोष्टी खेड्यातील मुलाच्या रोजच्या पाहण्यातील. फरक एवढाच, की त्या कोणी तरी मन लावून पाहिल्या.

लघुपट आणि अनुबोधपट यांची शाळेसाठी शिफारस करावयाची ती याच कारणाने. माहिती देणारे पट उदंड आहेत. त्यांतील पुष्कळांत निवेदकाचा आवाज प्रारंभापासून अखेरपर्यंत थांबत नाही, आणि चित्रे त्या आवाजामागे फरफटत जातात. मूल तेथे पुन्हा धडाच ऐकत बसते. सर्जनशील लघुपटाची रीत वेगळी आहे. तो थोडे बोलतो, पुष्कळ दाखवितो, आणि पाहणाऱ्यास स्वतः काही शोधावयास लावतो. कला, संगीत व क्रीडा हे विषय तर मुळात पाहून, ऐकून आणि करूनच यावयाचे. म्हणून त्या विषयांना असेच पट मानवतात.

या गोष्टीला मंठा तालुक्यासारख्या भागात विशेष महत्त्व आहे. मराठवाड्यातील इतर अनेक तालुक्यांप्रमाणे येथूनही दिवाळीच्या सुमारास कितीएक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि फाल्गुन-चैत्रात परततात. त्यांच्याबरोबर गेलेले मूल परत येऊन बाकावर बसते, तेव्हा वाचनात आणि गणितात ते मागे पडलेले असते. फळ्यावरचे प्रत्येक अक्षर त्याला त्याच्या गैरहजेरीची आठवण देते. त्या मुलापुढे शब्दांवाचूनचा दहा मिनिटांचा एखादा पट लावावा. तेथे कोणी पुढे नसतो, कोणी मागे नसतो. उलट, आईचा कोयता उसाच्या बुडाशी एका घावात कसा बसतो, मोळी कशी बांधली जाते, हे ज्याने चार महिने जवळून पाहिले, त्याला पडद्यावरील कारागिराच्या हाताचे कसब इतरांच्या आधी कळण्याचा संभव आहे. वर्गात एकदा का असे मूल प्रथम बोलले, की त्याचे वर्गातील स्थान बदलते. पुढे धडा शिकविणेही सोपे जाते.

आता काही पटांची नावे.

पहिला ‘ग्लास’, १९५८ सालचा. नेदरलंड्सचे बर्ट हान्स्ट्रा यांनी काचेच्या कारखान्यात तो चित्रित केला. लांबी सुमारे अकरा मिनिटे. प्रारंभी कारागीर लांब नळीतून फुंकर घालून तापलेल्या काचेला आकार देतात. त्यांचे फुगलेले गाल आणि नळी फिरविणारी बोटे संगीताच्या लयीत दिसतात. पुढे यंत्र येते आणि बाटल्यांची रांग धावू लागते. मध्येच एक बाटली फुटते. यंत्राला त्याचा पत्ताच नसतो, आणि मागून येणाऱ्या बाटल्या आदळून काचांचा खच पडतो. अखेर माणसाच्या हातालाच पुढे व्हावे लागते. या पटास ऑस्कर पारितोषिक मिळाले. तो दाखविल्यावर मुलांना गावातील कुंभाराच्या चाकाजवळ न्यावे. वेगळा खुलासा करण्याची गरज उरणार नाही.

दुसरा ‘बिगॉन डल केअर’, १९४९ सालचा, आठ मिनिटांचा. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात नॉर्मन मॅक्लॅरेन व एव्हलिन लॅम्बार्ट यांनी तो केला. यात कॅमेरा बाजूस ठेवून फिल्मच्या पट्टीवरच रंग लावले, ओरखडे काढले आणि ते जॅझ संगीताच्या तालावर नाचविले. याच मॅक्लॅरेन यांचा १९५७ सालचा ‘अ चेअरी टेल’ मुलांना हमखास हसवितो. एक माणूस खुर्चीवर बसू पाहतो आणि खुर्ची त्याला बसू देत नाही. सतार पंडित रविशंकर यांची, तबला चतुरलाल यांचा. शब्द एकही नाही. भांडण, रुसवा आणि समेट हे सारे वाद्येच सांगतात. हा पट एकदा आवाज बंद करून आणि एकदा आवाजासह दाखवावा. संगीत काय करते, याचे उत्तर मुले स्वतःच देतील.

तिसरा ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’, १९६७ सालचा. पंढरपुरास जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनी तो फिल्म्स डिव्हिजनसाठी राजस्थानात केला. त्यात कथा नाही. छत्री, कंदील, जोडा अशा साध्या वस्तू पुनःपुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी निराळ्या भासतात. त्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्यास लघुपटाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मुलांना तो प्रथम कोड्यासारखा वाटेल; वाटू द्यावा. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने घरातील एकच वस्तू तीन ठिकाणी ठेवून तिची तीन चित्रे काढावीत.

चौथा ‘द इनर आय’, १९७२ सालचा, सत्यजित राय यांचा. शांतिनिकेतनात ज्यांच्याजवळ राय शिकले, त्या विनोदबिहारी मुखर्जी या चित्रकारांवर तो आहे. जन्मापासून अधू असलेली त्यांची दृष्टी पन्नाशीनंतर पूर्णपणे गेली. तरीही त्यांनी काम सोडले नाही. कागद कापून, चिकटवून, बोटांच्या ओळखीने त्यांची निर्मिती चालूच राहिली. निवेदन इंग्रजीत असल्याने त्याचा सारांश शिक्षकाने आधी मराठीत सांगावा.

संगीतासाठी डॉ. जब्बार पटेल यांचा कुमार गंधर्वांवरील ‘हंस अकेला’ हा अनुबोधपट उपयुक्त आहे. तो लांब असल्याने त्यातील निवडक भागच घ्यावेत. क्षयरोगाने कुमारांचे गाणे काही वर्षे थांबले होते. त्या काळात त्यांनी देवासला पडल्यापडल्या माळव्यातील लोकगीते कान देऊन ऐकली, आणि बरे झाल्यावर त्यांतून नवे गाणे उभे केले. जात्यावरची ओवी, गोंधळ्याचे संबळ आणि हलगीचा ठेका ज्यांच्या कानांवर पडतो, त्या मुलांना हे जरूर कळावे की थोर गवय्यानेही असेच सूर आपले गुरू मानले.

क्रीडेसाठी कोन इचिकावा यांचा ‘टोकियो ऑलिम्पियाड’, १९६५ सालचा, घ्यावा. तो जवळजवळ तीन तासांचा आहे. पंधरा मिनिटांहून अधिक दाखवू नये. १९६४ च्या त्या सामन्यांत भारताने हॉकीचे सुवर्णपदक मिळविले, हे मुलांना अवश्य सांगावे. परंतु दाखवावयाचा भाग निराळा आहे. आफ्रिकेतील चाड हा देश १९६० साली स्वतंत्र झाला. त्या देशाचा एक तरुण आठशे मीटर शर्यतीसाठी आला होता. त्याला अंतिम फेरी गाठता आली नाही. तरीही दिग्दर्शकाने आपले यंत्र त्याच्या मागे ठेवले: तो एकटा जेवतो कसा, परक्या शहरात एकटा चालतो कसा, आणि धावतो कसा. हरणाऱ्याकडेही इतक्या आदराने पाहता येते, ही गोष्ट ज्या मुलांनी पाहिली, ती तालुक्याच्या क्रीडास्पर्धेहून रिकाम्या हाताने परतणाऱ्या सोबत्यास चिडविणार नाहीत. याच जोडीला १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविणारे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव यांची हकीकत सांगावी. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय.

हे पट कोठे मिळावेत? फिल्म्स डिव्हिजन ही संस्था १९४८ साली मुंबईत स्थापन झाली, आणि अनेक वर्षे तिचे पट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखविले जात. २०२२ साली तिचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. कॅनडाच्या फिल्म बोर्डाचे अनेक पट त्या संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. ज्या शाळेत मोठा पडदा नाही, तेथे शिक्षकाच्या भ्रमणध्वनीवर पाच-सहा मुलांचा एकेक गट बसवूनही काम भागते.

पट दाखविण्याची पद्धत मात्र ठरलेली असावी. शिक्षकाने तो स्वतः आधी पाहावा. विजेचा भरवसा नसल्याने तो आगाऊ उतरवून ठेवावा. खिडक्यांना गोधड्या लावल्या, तरी पुरेसा अंधार होतो. दहा-पंधरा मिनिटांहून लांब भाग घेऊ नये, आणि जमल्यास तोच पुन्हा दाखवावा. पहिल्या खेपेस मुले गोष्ट पाहतात, दुसऱ्या खेपेस हात पाहतात. पट संपताच लगेच प्रश्नांची सरबत्ती करू नये. क्षणभर शांतता राहू द्यावी. मग एकच विचारावे: “तुला काय दिसले?” ‘यातून काय बोध घेतला?’ हा प्रश्न टाळावा, कारण त्याचे उत्तर मुलांना पाठच असते. आणि त्याच आठवड्यात त्या पटातून एक तरी कृती निघावी. ज्या पटानंतर मुलाचा हात चालत नाही, पाय धावत नाहीत, गळा गुणगुणत नाही, तो कितीही गाजलेला असो, त्या वर्गापुरता वायाच गेला असे समजावे. पडदा हा मैदानाला पर्याय नव्हे. कला व शारीरिक शिक्षणाचे तास इतर विषयांसाठी घेतले जातात, ही तक्रार जुनीच आहे. लघुपट दाखवून ते तास भरून काढले, तर तक्रारीत भरच पडेल.

शेवटची पायरी पट करण्याची. सावेदादांना यंत्र विलायतेहून मागवावे लागले. आज ते शिक्षकाच्या खिशात आहे. वर्गात एका वाटीत हरभरा भिजत घालावा आणि फोन एकाच जागी स्थिर ठेवून दर तासाला एक चित्र घ्यावे. दिवसाला सात चित्रे धरली, तर सहा दिवसांत बेचाळीस होतात. सेकंदाला सहा या वेगाने ती दाखविली, तर सात सेकंदांचा पट तयार होतो. रोज सकाळच्या पहिल्या चित्रात मोड एकदम उडी मारल्यासारखा वाढलेला दिसेल. “असे का?” म्हणून मुले विचारतील. रात्री शाळा बंद असते, पण बी वाढतच असते, हे उत्तरही त्यांनीच शोधावे. त्यात गणित आले, विज्ञान आले आणि फाळके यांची ओळखही झाली.

यापुढे गावातील कुंभार, हलगीवाला, जत्रेतील कुस्ती यांचे तीन-तीन मिनिटांचे पट मुलांनी करावेत. ज्याचे चित्रण करावयाचे त्याची संमती आधी घ्यावी, पट प्रथम त्यालाच दाखवावा, आणि मुलांची चित्रे पालकांच्या परवानगीवाचून बाहेर पाठवू नयेत. ऊसतोडीहून परतलेल्या मुलास अशा वेळी यंत्र हाती धरावयास द्यावे. काय टिपावयाचे ते त्याने ठरवावे. त्याने कदाचित आईचे हातच टिपले, तर सव्वाशे वर्षांपूर्वी सावेदादांनी ज्या वाटेने प्रारंभ केला, त्याच वाटेवर ते मूल आहे असे शिक्षकाने खुशाल समजावे.