एका संध्याकाळी गोधडी होते का?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी ही वाचायची आवृत्ती.

आज बोलायचंय चिंध्यांबद्दल. टेलरकडे उरलेले तुकडे, आईची विरलेली सुती साडी, बाबांचा कॉलर फाटलेला शर्ट. हे सगळं जमवून बचत गटाच्या बायकांनी एक संध्याकाळ एकत्र शिवायला बसायचं, असा बेत करायचाय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आईचा, काकूचा, वहिनीचा असा गट असेलच. फोन तुमच्या हातात असतो, त्यामुळे मेसेज टाकायचं आणि याद्या करायचं काम तुमच्याकडेच येणार.

गाव धरू चिखला. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. इथे मॉयलची मँगनीजची भूमिगत खाण आहे आणि आजूबाजूला धानाची शेती. म्हणजे कुणाच्या घरी खाणीच्या पाळीचं वेळापत्रक, कुणाच्या घरी शेताचं. तारीख ठरवताना दोन्ही बघावी लागतात. पावसाळ्यात रोवणी सुरू असताना विषयच काढू नका. दिवाळीनंतर थोडी उसंत मिळते, पण तेव्हा गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार नाहीतर नाटक असतं. आपल्या आणि शेजारच्या गावची मंडई टाळूनच तारीख धरा. नाहीतर सतरंजीवर तुम्ही एकटेच.

आता मुद्द्याचं. बहुतेक वेळा ठरतं असं: "संध्याकाळी बसू, सगळ्या मिळून एक मोठी गोधडी करून टाकू." होईल का? चला, हिशेब करू.

गोधडी धरा पाच फूट रुंद, साडेसहा फूट लांब. म्हणजे ६० बाय ७८ इंच. धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या अर्ध्या इंचावर घातल्या तर १२० ओळी होतात, प्रत्येक ७८ इंचांची. बेरीज ९,३६० इंच, म्हणजे जवळपास २३८ मीटर. एवढं अंतर सुईने थरांमधून चालायचं! सराईत हाताला एका मीटरला पाच मिनिटं धरली तरी वीस तास होतात. चौघी चार बाजूंनी बसल्या तरी प्रत्येकीला पाच तास. त्यात तुकडे कापणं, जुळवणं, चहा, गप्पा काहीच धरलेलं नाही.

म्हणून पहिल्या संध्याकाळी गोधडी नको, दुपटं करा. तीन फूट बाय तीन फूट. तोच हिशेब लावला तर ७२ ओळी, साधारण ६६ मीटर, साडेपाच तासांचं काम. चौघींत वाटलं तर दीड तासाच्या आत. बारा जणी आल्या तर तीन दुपटी तयार करून घरी जाता येतं. पहिल्यांदा सुई धरणाऱ्या मुलीलाही काहीतरी पूर्ण झालेलं दिसतं, आणि पुढच्या वेळी ती येते.

कापडाचं बघू. प्रत्येकीला आधीच सांगा: सुती, धुतलेलं, बटणं आणि चेन काढलेलं. कापड सुतीच आहे का, याची शंका असेल तर एक दोरा उपसून चिमट्यात धरून जाळा. सुताची राख होते आणि जळक्या कागदासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रंग जातो का हे बघायला ओल्या पांढऱ्या फडक्याने घासा. लेगिंग आणि टीशर्टचं कापड ताणलं जातं, जीन्समध्ये सुई अडते. ते पिशव्यांसाठी बाजूला ठेवा. बाळाच्या अंगाला सगळ्यात मऊ म्हणजे खूप धुतलेली जुनी सुती साडी. अस्तर तिचंच.

"आमचं कापड जुनं आहे, कसं आणायचं?" असं कुणी लाजून म्हणालं, तर गाडगेबाबांचं नाव घ्या. आपल्याच विदर्भातला हा माणूस अंगावर चिंध्या वागवायचा, आणि लोक त्याला गोधडे महाराज म्हणायचे. चिंधीची लाज बाळगायचं कारण नाही.

मांडणी करताना फोन कामाला येतो. तुकडे अस्तरावर पसरले की टाका घालण्याआधी वरून फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. रंग गेले की गडद आणि फिकट तुकडे लगेच कळतात. सगळं गडद एकाच कोपऱ्यात साचलं असेल तर दोन तुकडे बदला. मग मधून कडेकडे लांब कच्चे टाके घाला, म्हणजे थर सरकत नाहीत. त्यानंतर पक्का धावदोरा. पण सगळ्या गोधड्या अशाच होतात असं नाही हं. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका त्यांची कवंदी एका कोपऱ्यापासून सुरू करतात आणि कडेकडेने फिरत मध्यावर येतात. चारही कोपऱ्यांना कापडाची फुलं लावल्याशिवाय ती पूर्ण मानत नाहीत. तुमच्या आजीची पद्धत वेगळी असेल तर तीच चालवा.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. शिवून झालेलं दुपटं कुणाचं? हे सुई हातात घेण्याआधी ठरायला हवं. गावात ज्या घरी बाळ येणार आहे तिथे द्यायचं, सोडत काढायची, की विकायचं? तिन्ही चालेल. पण नंतर ठरवू म्हटलं की कुरबुर ठरलेली.

विकायचं असेल तर तो हिशेब परत काढा. मोठ्या गोधडीचे वीस तास म्हणजे आठ तासांचे अडीच दिवस. रोवणीला दिवसाची जी मजुरी मिळते ती अडीचने गुणा. हा फक्त टाक्यांचा दाम झाला. कापणं-जुळवणं आणि दोरा वेगळा. कुणी "जुनंच तर कापड आहे" म्हणून याच्या खाली भाव मागत असेल, तर तो शिवणारीचे दिवस फुकट मागतोय.

अमेरिकेत अलाबामामध्ये गरीब कृष्णवर्णीय बायकांनी १९६६ साली गोधड्यांची सहकारी संस्था काढली. मोठ्या शहरांतल्या दुकानांच्या ऑर्डरी आल्या, घरात पैसा आला. पण दुकानांना सगळा माल एकसारखा हवा होता. त्याच भागातल्या बायकांनी घरच्यांसाठी, कामाच्या जुन्या कपड्यांतून, मनाला येईल तशा शिवलेल्या गोधड्या पुढे २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या. म्हणून ऑर्डर घ्या, जरूर घ्या. पण वर्षातली एक संध्याकाळ तरी कुणाच्याही मापाची नसलेली, आपल्या मनाची ठेवा.

तुमच्यासाठी एकच काम. आई नाहीतर आजी शिवत असताना फोनवर स्टॉपवॉच लावा आणि एका मीटरला किती मिनिटं लागतात ते मोजा. माझी पाच मिनिटं हा फक्त अंदाज आहे, खरा आकडा तिच्या हाताचा. तो गटाच्या रजिस्टरमध्ये, बचत आणि कर्जाच्या नोंदींशेजारी लिहून ठेवा. भाव सांगायची वेळ येईल तेव्हा तेच पान उघडायचं.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर जुन्या साड्या कुणाला देऊन टाकू नका!